झाकणरावांच्या तक्रारी

४ मार्च

आजपासून डायरी. कारण एकच. तक्रारपानावर जे लिहायचं मनात येतं ते कुठेतरी लिहून टाकलं नाही, तर एक दिवस मी ते तक्रारपानावरच लिहीन आणि चारचौघांत शोभा होईल.

दिवसभर मी वजनकाट्यांच्या कंपनीत काट्याचा आकडा पडद्यावर नीट दिसावा म्हणून पगार घेतो. संध्याकाळी घरी येऊन ‘भुयार’ सांभाळतो, त्याचा पगार नाही. भुयार हा व्हीपीएनचा प्रोग्राम. व्हीपीएन म्हणजे तुमच्या संगणकापासून तुमच्या ऑफिसच्या संगणकापर्यंत, इंटरनेटच्या गर्दीखालून खणलेला बंद बोगदा. आतून काय जातंय ते बाहेरच्याला दिसत नाही. खणण्याचं खरं काम थोर लोकांनी आधीच लिहून ठेवलंय, तेही फुकट, पण काळ्या पडद्यावर लांबलचक हुकूम टाइप केल्याशिवाय ते जागचं हलत नाही. मी त्याला चेहरा दिला. एक खिडकी, एक बटण, एक दिवा. बटण दाबलं की बोगदा जोडला जातो आणि दिवा हिरवा होतो. किंमत नाही, जाहिरात नाही, आतली ओळ न् ओळ उघडी. कुणीही वाचावी, कुणीही सुधारावी. वाचत कुणी नाही. सुधारायला मात्र मला सांगतात, भुयारच्या तक्रारपानावर, जे जगात कुणालाही वाचता येतं.

आजची आवक: ‘काळोख’ नावाच्या इसमाला खिडकीची पार्श्वभूमी काळी हवी आहे. गेल्या वर्षापासून हवी आहे. आणि कुठल्याशा कंपनीने लिहिलंय की त्यांच्या सगळ्या माणसांना भुयार कसं वापरायचं ते आजच्या आज शिकवा. मानधनाचा उल्लेख नाही. ‘तातडीचे’ हा शब्द वर आहे, खालीही आहे.

जेवताना ही काहीतरी सांगत होती. मी त्या कंपनीला उत्तर लिहीत होतो, त्यामुळे मान वर न करता सवयीने म्हटलं, “तक्रार असेल तर पानावर नोंदव. नियम सगळ्यांना सारखा.”

हिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाली, “बरं.”

आईला हसू आलं. कशाचं, ते विचारायला वेळ नव्हता.

७ मार्च

पानावर नवा पाहुणा. नाव ‘झाकण’. लोक अशी नावं का घेतात ते एक तो परमेश्वर जाणे.

मजकूर असा: “आपल्या प्रोग्रामचा दिवा खोटं बोलतो. बोगदा तुटलेला असतानाही हिरवाच राहतो. कृपया पाहावे.”

ना नमस्कार, ना आभार. पण ‘आपल्या’ म्हटलंय. घरात मला ‘तू’ म्हणतात, ऑफिसात ‘ओ काटेवाले’ म्हणतात, तेव्हा ही एक गोष्ट मी झाकणरावांच्या खात्यात जमा करतो. वाक्यरचनेवरून निवृत्त इन्स्पेक्टर वाटतात. लग्न झालेलं नसावं. इतका फावला वेळ आणि इतका कोरडेपणा संसारी माणसाकडे नसतो.

उत्तराचे तीन मसुदे केले. पहिले दोन फाडण्याच्या लायकीचे होते. तिसरा पाठवला: “माझ्याकडे असं होत नाही. आपण सूचना वाचल्या आहेत का?”

झोपायच्या आत उत्तर हजर. “वाचल्या. चौथ्या परिच्छेदातलं पहिलं वाक्य अजून संपलेलं नाही.”

जाऊन पाहिलं. खरंच संपलेलं नाही. तक्रार ‘माझ्याकडे होत नाही’ असा शेरा मारून बंद केली.

१२ मार्च

झाकणराव पुन्हा. आता म्हणे खिडकीतली अक्षरं बारीक आहेत, ‘तोडा’ आणि ‘जोडा’ ही बटणं ओळखायला चष्मा कपाळावरून नाकावर आणावा लागतो. ही अक्षरं मी निवडायला एक अख्खा आठवडा घातला होता. त्यांचा बारीकपणा ही त्यांची नजाकत आहे. नजाकत पाहायला नजर लागते, असं लिहिलं, खोडलं, “विचार करतो” असं पाठवलं. विचार करणार नाही.

हिने नवीन चष्मा करून आणला. फ्रेम चांगली आहे. “नंबर वाढला,” म्हणाली. “डोळ्यांना ताण कशाचा पडतो कोण जाणे.” मी म्हटलं, रिपोर्टचा. ही एका हॉस्पिटलसाठी घरी बसून काम करते. डॉक्टर तपासताना बोलून ठेवतात, ते ऐकून ही रिपोर्ट टाइप करते आणि पाठवते. डॉक्टर तोंडातल्या तोंडात बोलतात. कानावर पडतो तेवढाच ताण डोळ्यांवर पडत असेल.

१७ मार्च, रविवार

घरात एक दिवस शांत बसावं तर ते नशिबात नाही. आईचा गुडघा बदलून झाल्यापासून तिच्या उशाशी घंटी ठेवली आहे. घंटी वाजते. मग पलीकडच्या खोलीतून हिच्या लॅपटॉपचं ‘टप’. मग पावलं. मग आईचा चष्मा, आईची उशी, आईचा पंखा. मग पावलं परत, आणि हिचं स्वतःशी पुटपुटणं. रविवारीसुद्धा हिचं काम चालू. मी म्हटलं, “ते टप टप जरा हळू नाही का करता येणार? विचार तुटतो.”

“माझं काय काय तुटतं ते पानावर नोंदवलंय,” असं काहीसं म्हणाली. दार लावून घेतल्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

झाकणरावांनी आज ती दिव्याची तक्रार पुन्हा उघडली, मी पुन्हा बंद केली. रविवार आहे, माणसाने फिरायला जावं.

२० मार्च

हिचा चेहरा संध्याकाळपासून उतरलेला. खोदून विचारल्यावर सांगितलं. कुणा पेशंटचा रिपोर्ट बोगद्याऐवजी उघड्या रस्त्याने गेला. हॉस्पिटलच्या यंत्राने तो पकडला. टायपिंग विभागाच्या मुख्य बाईंचा फोन आला की यावेळी सोडते, पुन्हा झालं तर घरून काम बंद, रोज तिकडे येऊन बसायचं. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी निघालं तर परत यायला अंधार पडतो.

“मग आईचं कोण बघणार?” मी विचारलं.

“तेच म्हटलं तुला विचारावं.”

घरात माझ्याशिवाय तिसरं कुणी नाही हे मी मनातल्या मनात मोजून पाहिलं.

“पण तू बोगदा लावला नव्हतास का?”

“लावला होता. पडद्यावर तर लागलेलाच दिसत होता.”

मला असा संताप आला. म्हटलं, हॉस्पिटलने कुठला भिकार प्रोग्राम घ्यायला लावलाय देव जाणे. आजारी माणसांची कागदपत्रं ज्यावरून जातात, तिथे दिवा एक दाखवतो आणि घडतं भलतंच. ज्या गाढवाने तो बनवला त्याला एकदा समोर उभं करून विचारायला हवं.

ही शांतपणे भांडी आवरत होती. “बनवणारा बरा असेल. ऐकत नसेल फक्त.”

“तू फार सांभाळून घेतेस लोकांना.”

आईची घंटी वाजली. आत जाऊन पाहिलं तर काही नको होतं, ती नुसती उशीत तोंड खुपसून हलत होती. गुडघा दुखतोय का विचारलं तर नाही म्हणून मान हलवली.

२५ मार्च

झाकणरावांनी तीच दिव्याची तक्रार तिसऱ्यांदा उघडली. यावेळी प्रश्न विचारलाय: “आपला संगणक कधी झोपतो का?”

अपमान करण्याची ही नवी तऱ्हा. लिहिलं, “नाही. माझा संगणक कोपऱ्यातल्या टेबलाखाली उभा आहे, त्याला झाकण नाही आणि मी त्याला झोपू देत नाही. माझ्याकडे असं होत नाही.”

यावर हे लांबलचक उत्तर आलं. उतरवून ठेवतो, मासला म्हणून.

“आपल्याकडे होणार नाही, कारण आपल्याला उठावं लागत नाही. इथे घरात आजारी माणूस आहे. हाक आली की उठायचं आणि उठताना झाकण बंद करायचं अशी सवय आहे. झाकण बंद झालं की संगणक झोपतो आणि बोगदा तुटतो. परत येऊन उघडलं तर दिवा आधीसारखाच हिरवा. म्हणून आता इथे अशी पद्धत आहे: आधी ‘तोडा’ दाबायचं, मग ‘जोडा’ दाबायचं, मग घोटभर पाणी प्यायचं, आणि मग दिव्यावर विश्वास ठेवायचा.”

आईच्या खोलीत जाऊन हे मोठ्याने वाचून दाखवलं. घोटभर पाणी! आईला हसता हसता ठसका लागला, तिलाच पाणी द्यावं लागलं. “बिचारा झाकणराव,” ती म्हणाली. “तू काय उत्तर दिलंस?”

“बंद केली तक्रार. तिसऱ्यांदा. नियम म्हणजे नियम.”

आई म्हणाली, “तुझे वडील असेच होते,” आणि भिंतीकडे वळून पडली. ही स्तुती असावी असं धरून चाललो आहे.

३० मार्च

पुरे झालं. भुयार बंद करतोय.

त्या तातडीच्या कंपनीने आज निषेध नोंदवला. काळोखने कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे म्हणे, मी काळ्या पार्श्वभूमीचं वचन दिल्याला किती दिवस झाले त्याची. मी वचन दिलेलं नाही. झाकणरावांनी संपत नसलेल्या त्या वाक्याचा शेवट स्वतः लिहून पाठवला. चांगला लिहिलाय, त्याचा जास्त राग आला. पानावर सूचना लावून टाकली: एप्रिल संपला की भुयार सांभाळलं जाणार नाही. लोभ होता तसा राहू द्यावा.

जेवताना हिला सांगितलं. हिच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

“ठरवलंस?”

“ठरवलं.”

“कुणाला विचारलंस?”

“कुणाला विचारू, काळोखला?”

“ज्यांचं काम त्यावर चालतं त्यांना.”

“फुकट मिळालेल्या वस्तूवर कुणाचं काय चालणार? दुसरा शोधतील.”

“शोधले,” ही म्हणाली. मग म्हणाली, “शोधले असतील, म्हणते मी,” आणि मला न विचारता माझ्या ताटात वाढत सुटली. हिची एक पद्धत आहे. बोलायचं नसलं की वाढते.

झोपण्यापूर्वी पानावर झाकणराव:

“बंद करू नये. दुसरे वापरून झाले. एकात बटणच सापडलं नाही. दुसऱ्यात इतकी बटणं होती की कुठलं नको ते कळलं नाही. तिसऱ्याने प्रत्येक वेळी विचारलं की आपली खात्री आहे का. आपलाच बरा आहे. इथे एकाची नोकरी त्यावर आहे. बनवणाऱ्याने फक्त ऐकायला हवं.”

या माणसाने पहिल्यांदाच काहीतरी बरं म्हटलं, तेही टोमण्यात गुंडाळून. अशा माणसाशी कोण राहत असेल कुणास ठाऊक. सूचना काढलेली नाही. पण एप्रिल संपायला अवकाश आहे, एवढं लिहून ठेवतो.

४ एप्रिल

काल हिची अक्कलदाढ काढली. गाल असा सुजला आहे की एका बाजूने ही आहे आणि दुसऱ्या बाजूने हिची कुणी तरी रागीट मावशी. दंतवैद्यांनी बोलायचं नाही म्हणून बजावलंय. मी रजा घेतली. घरात इतकी शांतता की आधी बरं वाटलं. नंतर भीती वाटू लागली.

आईची घंटी दिवसात किती वाजते याची मला कल्पना नव्हती. उशी. औषध. पंखा कमी. पंखा एवढाही कमी नको. “कोण आलंय बघ.” कुणी आलेलं नसतं. दोन घोट चहा घ्यावा म्हणून बसलो की घंटी. तिसऱ्यांदा चहा निवल्यावर मी कप हातात घेऊनच तिच्या खोलीत गेलो. “ती चहा नेत नाही,” आई म्हणाली. “ती पिऊन घेते आधी. शिकशील हळूहळू.”

दुपारी हॉस्पिटलच्या मुख्य बाईंचा फोन. कालचा रिपोर्ट अजून पोचलेला नाही, पेशंटला तासाभरात ऑपरेशनला घ्यायचंय, लगेच पाठवा. मी हिच्या अंथरुणापाशी गेलो, हळूच सांगितलं. हिने अर्धवट ग्लानीत पलीकडच्या टेबलाकडे बोट केलं. रिपोर्ट तयार होता, नुसता पाठवायचा होता. मी म्हटलं, तू पड, हे मला येतं. माझा सगळा जन्म पडद्यासमोर गेलाय.

लॅपटॉपचं झाकण उघडलं. पडदा उजळला. कोपऱ्यात भुयारची खिडकी.

माझी खिडकी. माझं बटण, ज्याच्या कोपऱ्यांची गोलाई मी स्वतः घासून आणली. माझी नाजूक अक्षरं, हिच्या पडद्यावर खरंच मुंगीएवढी. आणि माझा दिवा, हिरवागार. खोटं कशाला लिहू, आधी अभिमानच वाटला. म्हटलं, बघा, आपल्या घरातही वापरतात. मग रिपोर्ट उघडला आणि ‘पाठवा’वर बाण नेला.

मनगट कुणीतरी घट्ट धरलं. ही उठून आली होती. एक हात गालावर, केस विस्कटलेले, डोळे लाल. तोंडातून शब्द निघत नव्हता, ‘अंहं अंहं’ एवढाच आवाज. मला बाजूला सारून हिने ‘तोडा’ दाबलं. दिवा लाल झाला. ‘जोडा’ दाबलं. दिवा हिरवा झाला. मग हिने टेबलावरचा पेला उचलला आणि घोटभर पाणी प्यायली. ओठ अजून सुजलेला होता, अर्धं पाणी हनुवटीवरून गाऊनवर ओघळलं. ते तसंच ठेवून ही दिव्याकडे बघत थांबली. मग ‘पाठवा’ दाबलं.

इतक्या वर्षांच्या संसारात मी हिला पाणी पिताना इतकं लक्षपूर्वक पाहिलं नव्हतं.

“झाकणराव?” मी विचारलं.

हिने सुजलेल्या गालासकट एकदाच मान हलवली, मला खुर्ची दाखवली, आणि जाऊन पडली.

मी खुर्चीत बसलो. झाकण लावलं. टप. आईकडे जाऊन आलो, पंखा कमी केला, पंखा जास्त केला. परत येऊन झाकण उघडलं. दिवा हिरवा. बोगदा नाही. मी तो ‘पाठवा’ दाबला असता तर हिचं घरून काम बंद झालं असतं आणि घंटी कायमची माझ्याकडे आली असती, आणि आत्ता कुठे मला पंख्याचा अंदाज येत होता.

माझ्याकडे झालं.

मग ही डायरी मागे उलटून २० मार्च वाचला. त्या गाढवाचा पत्ता लागला.

५ एप्रिल

आजही रजा. दिवसभर हिच्या लॅपटॉपचं झाकण लावतोय आणि उघडतोय.

“कोण सारखं उठतंय?” आईने आतून विचारलं.

“मी. झाकणरावांची तक्रार बघतोय.”

“अखेर,” आई म्हणाली.

आत गेलो. “तुला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून. तू म्हणालास ना, पानावर नोंदव. ती उठली आणि नोंदवलं. नाव मीच सुचवलं. ती ‘दुर्लक्षित’ घेणार होती. म्हटलं, ते फार रडकं वाटतं.”

“मग सांगायचं ना मला.”

“तिने सांगितलं होतं, जेवताना. तू म्हणालास नियम सगळ्यांना सारखा.” आईने उशी नीट करून घेतली. “आणि खरं सांगू, ती म्हणायची, परक्याला हा निदान त्याच दिवशी उत्तर देतो.”

मी वर पंख्याकडे बघितलं. पंखा बरोबर होता.

चूक साधी निघाली. दिवा बोगद्याला काही विचारतच नव्हता. एकदा जोडलं म्हणजे जोडलेलंच असणार, असं धरून बसला होता आणि मजेत हिरवा राहिला होता. या वाक्याचा आणखी कुठे उपयोग होतो का ते मी इथे लिहिणार नाही. आई ही डायरी वाचते असा मला संशय आहे.

आता संगणक झोपेतून उठला की दिवा आधी पिवळा होतो, बोगद्याला हाक मारतो, आणि पलीकडून ओ आल्याशिवाय हिरवा होत नाही. तोवर काही बाहेर जाऊ देत नाही. लिहायला एक दुपार लागली. तक्रार बंद करायला दर वेळी एक क्षण लागला होता.

७ एप्रिल, रविवार

नवीन भुयार पानावर ठेवलं. बंद करण्याची सूचना काढली. खाली टीप लिहिली: “दिव्याची चूक झाकण यांनी दाखवली. बनवणाऱ्याने ती तीनदा नाकारली. चूक खरी होती, बनवणारा खोटा होता.” चौथ्या परिच्छेदातलं वाक्यही त्यांनी संपवलं तसं संपवलं.

हिच्या गालाची सूज उतरली. बोलायला लागल्यावर पहिलं वाक्य काय असेल याची मी सकाळपासून तयारी करत होतो. मनात चार उत्तरं तयार होती, त्यांतली दोन माफीची.

ही म्हणाली, “अक्षरं.”

मग जाऊन पडली. मुख्य बाईंनी आजचा दिवस सुट्टी दिली आहे. थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीतून कळा दाबल्याचा आवाज आला आणि माझ्या पडद्यावर झाकणराव उगवले:

“दिवा आता खरं बोलतो. झाकण लावून, उघडून, पाणी न पिता पाहिलं. आभार. अक्षरांचं काय झालं?”

दोन खोल्यांच्या मधली भिंत एक वीत जाडीची आहे. हाक मारता आली असती. पण नियम सगळ्यांना सारखा. मी अक्षरं मोठी केली. नजाकत गेली, ‘तोडा’ आणि ‘जोडा’ आता चष्म्याशिवाय आणि दुरून वाचता येतात. मधे घंटी वाजली, उठून आलो. मग पानावर उत्तर लिहिलं:

“अक्षरं मोठी केली आहेत. आईच्या गोळ्या दिल्या. तू उठू नकोस, चहा मी आणतो.”

पाठवल्यावर लक्षात आलं की हे जगभर दिसतं. पुसणार होतो. तेवढ्यात पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग “आई गं” असा कळवळ्याचा, कारण टाके अजून ओले आहेत, मग पुन्हा हसण्याचा. राहू दिलं.

चहा देऊन परत आलो तर खाली एक नवी तक्रार येऊन पडली होती. काळोख.

“नवीन आवृत्ती उतरवून घेतली. गोळ्या आणि चहा कुठेच दिसत नाहीत. काळी पार्श्वभूमीही नाही. कृपया पाहावे.”